ध्रुपद काही थांबेना

भिकन बोरसेला आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक म्हणजे 'नाही' म्हणणं आणि दुसरी म्हणजे थांबणं. पहिलीमुळे तो अडचणीत सापडे आणि दुसरीमुळे त्यातून बाहेर निघत नसे. एरवी माणूस सोन्यासारखा. (सोन्यासारखा म्हणजे, त्याच्या बायकोच्या, कलाबाईच्या मते, कपाटात कुलूप लावून ठेवण्यासारखा.)

सुरतेत लिंबायतला एका खात्यात तो बावीस वर्षं मास्तर होता. यंत्रमागाच्या शेडला इथे खातं म्हणतात आणि मागांवर देखरेख करणाऱ्याला मास्तर. बहात्तर माग एका दमात खडखडायला लागले की माणसाचा आवाज शेजारच्या माणसालाही पोचत नाही, म्हणून खात्यातला सगळा कारभार हातांनी चालतो. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. पंजा उघडून दाखवला की 'चालू ठेव'. आणि मूठ आवळून दाखवली की 'बंद कर'. मूठ दिसली की का, कशाला विचारायचं नाही. आधी माग बंद, मग चौकशी.

भिकन आणि शेजारच्या रांगेतला बळीराम गावित ही भाषा बावीस वर्षं बोलत आले होते. पोरांचे निकाल, सासऱ्याचं आजारपण, मालकाचा आजचा मूड, सगळं त्यांनी एकमेकांना हातांनीच सांगितलेलं. तीन वर्षांपूर्वी बळीरामची बायको सुषमा गेली, तेव्हा तो खात्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने नुसते दोन्ही हात खाली सोडले. भिकनने आपल्या रांगेतले सगळे माग बंद केले आणि त्याच्याबरोबर चालत घरी गेला.

तर एप्रिलातल्या एका दुपारी याच बळीरामने चहाची खूण केली. दोघे टपरीवर आले. चहा आला, पण बळीराम काही पेल्याला हात लावेना.

"भिकनभो, उज्ज्वलानं लगन ठरनं."

"अरे वा! मंग तोंड असं काबरं करी राह्यना?"

"लगन चर्चमा शे. आनि गानं म्हनाले मन्हाकडे मानसं नहीत."

बळीराम नवापूरकडचा. दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती घर. त्याने भिकनला चर्चमधल्या लग्नाची रीत समजावून सांगितली. तिथे गाणाऱ्यांची सुपारी देत नाहीत. पत्रकावर गीत छापलेलं असतं, सगळी मंडळी उभी राहते आणि सगळे मिळून गातात. मुलाकडचे व्याऱ्याचे गुजराती. त्यांच्याकडे एकसारख्या आकाशी शर्टातली सोळा पोरंपोरी होती, चार-चार सुरांत गाणारी. मुलीकडचे मात्र सगळे मिळून वीसेक जण येणार, कारण त्याच दिवशी गावी चुलतभावाकडे लग्न होतं. आणि त्या विसातले निम्मे नुसते ओठ हलवणारे.

"आनि गीत कोनतं, तर सुषमानं," बळीराम म्हणाला. "उज्ज्वला म्हनस, मायनं गानं व्हवालेच पाह्यजे. नहीतर एक भी नको."

सुषमा होती तोवर मराठी उपासनेत गीत तीच उचलायची. तिचा आवाज पुढे आणि बळीरामचा त्याच्या सावलीला. ती गेली आणि बळीरामच्या गळ्यातून एक ओळ निघाली नव्हती. त्याला भीती एकच होती, की लग्नात आईचं गाणं सुरू होईल आणि दुसऱ्या कडव्यात विझून जाईल, भर मांडवात, व्याह्यांच्या सोळा जणांसमोर.

"तुन्ही भजनी मंडळी लई ये. पुढे बठा, आम्हनासंगे म्हना. बस, इतलंच."

भिकनने होकार दिला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मित्राची मुलगी, मित्राच्या बायकोचं गाणं. आणि 'नाही' हा शब्द त्याला येत नव्हता हे वर सांगितलंच आहे.

नवागामात घरी आल्यावर कलाबाईने कमरेवर हात ठेवले.

"हा म्हनी टाकं? माले इचारं का?"

"बळीरामनी पोरगी म्हनजे आपलीच पोरगी."

"पोरगीकरता मी भी येसू. पोळ्या लाटाले सांगा, दोनशे लाटसू. पन तुम्ही गावू नका. तुम्हले गानं सुरू कराले येस, थांबाले येत नही."

हे काही ती रागाने बोलली नव्हती. डिंडोलीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारी बसणाऱ्या कुठल्याही पोराने हेच सांगितलं असतं. मागल्या हनुमान जयंतीला मृदंगवाल्या गणपतला मधेच गावाकडचा फोन आला आणि तो बाहेर गेला. तो परत येईपर्यंत पस्तीस मिनिटं भिकन एकाच चरणावर होता. प्रसादाचा शिरा शेवटी सुरीने कापून वाटावा लागला.

यात भिकनचा तरी काय दोष? भजनात कामं वाटलेली होती. सुरू करणं भिकनचं, थांबवणं गणपतचं. गणपतने मृदंगावर तीनदा दणका दिला की भजन संपलं. भिकनला गाणं शिकवणाऱ्या गावच्या बुवांनी त्याला लहानपणीच बजावलं होतं, की वाजतंय तोवर गाणाऱ्याने तोंड मिटायचं नाही. ताटावरून अर्धवट उठू नये तसं चालत्या चालीतून उठू नये. भिकनने बुवांचं बाकी सगळं विसरून एवढं मात्र पाळलं.

सराव डिंडोलीला बळीरामच्या घरी झाला. भिकन, गणपत आणि मंडळातले आणखी पाच जण सतरंजीवर बसले. उज्ज्वलाने सगळ्यांना पाणी दिलं आणि आईची वही आणली. पोरगी एका दवाखान्यात नर्स होती, बोलायला चटपटीत. गीत साधंच होतं. चार कडवी आणि प्रत्येक कडव्याला ध्रुपद:

*दोन दिव्यांची एक वात कर,*
*या घरी उजेड राहू दे.*

भिकनने दोनदा ऐकून चाल उचलली. बळीरामने पहिलं कडवं कसंबसं म्हटलं. दुसऱ्याच्या पहिल्या ओळीला तो उठला आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. उज्ज्वलाने वही मिटली.

"काका," ती भिकनला हळूच म्हणाली, "पप्पांना नाही जमलं तर चालेल. तुम्ही फक्त जोरात म्हणा हं."

"जोरानं काळजी तू करू नको, बेटा," भिकन म्हणाला. (ती काळजी करायला हवी होती, पण ते कुणाला ठाऊक!)

गणपतने विचारलं, "मृदंग आणू ना?"

मृदंग नाही, असं बळीरामने सांगितलं. चर्चची पायपेटी होती आणि ती सुमनबाई वाजवणार होत्या. गणपतचा चेहरा पडला. भिकनला मात्र वेगळीच चिंता लागली.

"मंग कव्हळ उभं राह्यनं, कव्हळ बठनं, हाई कसं समजी?"

"पाळकसाहेब पुढे उभा राहतस. त्या हात दाखाडतीन, तसं करानं."

भिकनचा जीव भांड्यात पडला. हाताची भाषा म्हणजे त्याची मातृभाषा. त्याला परत विचारण्याची गरजच वाटली नाही. सगळा घोटाळा त्या सतरंजीवर, त्या क्षणाला झाला.

मे महिन्यातला शनिवार उजाडला. मंडळाचे सात जण पांढरे सदरे आणि टोप्या घालून दोन रिक्षांतून चर्चला उतरले. पायरीशी येताच भिकनने चपला काढल्या, आणि त्याच्या मागोमाग सगळ्यांनी काढून ओळीने लावल्या. या चर्चमध्ये बूट-चपला घालूनच आत जायची पद्धत होती. पण भिकनच्या चेहऱ्यावर असा विश्वास होता, की मागून आलेल्या व्याऱ्याच्या पाहुण्यांनी ती ओळ बघितली आणि त्यांना वाटलं, इथे असंच असेल. नवरदेवाचे मामा पायरीवर बसून मुकाट्याने बुटाच्या नाड्या सोडू लागले. पंधरा मिनिटांत दारात दीडशे जोड जमले. पाळक नितीनसाहेब स्वागताला बाहेर आले, त्यांनी तो ढीग पाहिला, आपल्या काळ्या बुटांकडे पाहिलं आणि तेही काढले.

ही जोड्यांची गोष्ट उगीच सांगितलेली नाही. एखादा माणूस पूर्ण भरवशाने चुकत असेल, तर जग त्याच्या मागे किती निमूटपणे जातं, त्याची ती रंगीत तालीम होती.

"मांगे बठज्यात," कलाबाईने दारातच बजावलं होतं. पण बळीरामनेच पुढे बसा म्हटलेलं, म्हणून मंडळ मुलीकडच्या पहिल्या बाकावर जाऊन बसलं. कलाबाई तिसऱ्या बाकावर, बायकांत बसली, म्हणजे नजर ठेवता येईल. पलीकडे आकाशी शर्टांचे सोळा जण, हातात वह्या, सूर आतल्या आत जुळवत बसलेले. नवरदेव प्रवीण पुढे उभा होता. मे महिना, अंगात कोट आणि सकाळपासून पोटात नुसता चहा. बिचारा तेवढ्यातही हसत होता.

पेटी वाजली. सगळे उठले. पांढऱ्या साडीतली उज्ज्वला बापाचा हात धरून आली आणि दोघं वेदीसमोर, बरोबर भिकनच्या पुढ्यात, पाठमोरी उभी राहिली. आता विधीचा क्रम असा होता: आधी मंडळीचं गीत. गीत संपलं की पाळक विचारणार, "या मुलीला विवाहासाठी कोण देत आहे?" मग बळीरामने म्हणायचं, "मी, तिचा पिता," आणि तिचा हात प्रवीणच्या हातात द्यायचा. ते तीन शब्द तो आठवडाभर मागाशी उभा राहून पाठ करत होता.

सुमनबाईंनी पायपेटीवर चाल धरली. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, चष्म्याच्या काचा जाड. तरुणपणी त्यांना एकच नियम शिकवलेला होता, की मंडळी गात आहे तोवर पेटीने श्वास सोडायचा नाही. आज दोन नियम एका छताखाली आले होते, आणि त्याची कुणालाच कल्पना नव्हती.

भिकनने तोंड उघडलं.

बावीस वर्षं बहात्तर मागांच्या खडखडाटात एकट्यानेच भजनं म्हणत कमावलेला तो गळा. चर्चच्या खिडकीतली कबुतरं उडाली. भजनाच्या रिवाजाप्रमाणे त्याने पहिली ओळ टाकली आणि मंडळाने ती झेलून परत म्हटली. बाकीची मंडळी तोवर सरळ दुसऱ्या ओळीवर गेली होती. क्षणभर दोन ओळी एकमेकींच्या पायात पाय घालून पडतात की काय असं झालं. पण सुमनबाईंनी मोठ्या आवाजाचा पदर धरला आणि मंडळीने पेटीचा. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं चर्च प्रत्येक ओळ दोनदा म्हणू लागलं होतं.

दुसरं कडवं! बळीरामची पाठ ताठ झालेली भिकनला दिसली. त्याने आवाज आणखी चढवला. कडवं विझलं नाही. ते पार पडलं, मग तिसरं, मग चौथं. आणि भिकनला मनातून भरून आलं. त्याला वाटलं, सुषमावहिनी असती तर म्हणाली असती, "भिकनभाऊ, पोरीची लाज राखलीत."

पत्रकावर चौथ्या कडव्याखाली आता छापखान्याचा पत्ता तेवढा उरला होता. इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं.

पण पेटी वाजत होती! वाजतंय तोवर तोंड मिटायचं नाही. भिकनने ध्रुपद परत घेतलं. मंडळी गातेय, म्हणजे पेटी थांबवायची नाही. सुमनबाईंनी पायाने आणखी जोर लावला. 'या घरी उजेड राहू दे' झालं, पेटी चालूच. परत उजेड राहू दे. भिकनने डोळ्याच्या कोपऱ्यातून गणपतकडे बघितलं. गणपतचे दोन्ही हात मांड्यांवर हवेतला मृदंग चाचपडत होते.

"थांबव ना!" भिकनने दोन ओळींच्या फटीतून म्हटलं.

"कशाने थांबवू? मृदंग तर घरी आहे!" गणपतने तितक्याच छोट्या फटीतून उत्तर दिलं.

व्याऱ्याच्या पाहुण्यांना तर आनंदच झाला होता. कडवी मराठीत म्हणून ते बिचारे इतका वेळ घुटमळत होते. ध्रुपद त्यांच्यासाठी पत्रकावर गुजराती लिपीत छापलेलं होतं, आणि आता सगळं ध्रुपदच चाललं होतं. आकाशी शर्टांनी चार सूर लावले. मंडळातल्यांनी टाळ्या धरल्या. लय आपोआप चढू लागली, आणि चर्चचे पंखे सोडून सगळं काही डोलायला लागलं.

सहाव्या वेळी नितीनसाहेबांनी, मोठ्या सौजन्याने, उघडा पंजा वर करून मंडळीला दाखवला. म्हणजे, आता पुरे.

भिकनने तो पंजा बघितला आणि त्याच्या जिवात जीव आला. चला, हुकूम आला! चालू ठेव! तो दुप्पट जोमाने सुटला. आकाशी शर्टांना वाटलं, साहेबांनी स्तुतीसाठी हात वर केलाय, म्हणून त्यांनीही केले. त्यांचं बघून मागच्या बाकांनी केले. नितीनसाहेबांनी घाबरून दुसराही पंजा वर केला. दोन पंजे! खात्यात याचा अर्थ एकच, दोन्ही रांगा पळव. भिकनने चाल दुप्पट केली.

नऊ झाले. दहा झाले. प्रवीणच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत पोचला आणि कोटात शिरला. त्याच्या आईने घड्याळ बघितलं, मग व्याह्यांकडची काही रीत असेल म्हणून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि परत गायला लागली. भिकनचा घसा आता भर उन्हातल्या पत्र्यासारखा तापला होता. त्याने जरा मान वळवली, तर तिसऱ्या बाकावरून कलाबाई डोळे वटारून बघत होती. ते डोळे त्याला तीस वर्षं पाठ होते. त्यांचा अर्थ 'घरी चला, मग बघते' असा होता. म्हणजे काहीतरी चुकतंय. पण काय? साहेबांचे दोन्ही पंजे तर अजून वर होते!

त्या भरल्या चर्चमध्ये चर्चची रीत आणि खात्याची भाषा, दोन्ही जाणणारा माणूस एकच होता. भिकनने बळीरामच्या पाठीकडे बघितलं. जुन्या सवयीने बघितलं, बावीस वर्षं अडलं की बघत आला होता तसंच.

बळीरामने मान वळवली नाही. त्याचा डावा हात उज्ज्वलाने धरलेला होता. उजवा हात हळूच पाठीमागे आला. आता मूठ येणार, म्हणून भिकन श्वास आवरून तयार राहिला.

पंजा उघडला. 'चालू ठेव.'

आणि त्याच वेळी भिकनला, आपल्याच आवाजाखालून, एक तिसराच आवाज ऐकू आला. मागाचा पट्टा घसरावा तसा खरखरीत, अर्धा सूर खाली. बळीराम गात होता.

उज्ज्वलाने चटकन बापाकडे मान फिरवली. तीन वर्षांत तिने हा आवाज ऐकला नव्हता. मग ती बापाच्या खांद्याला टेकली आणि रडत रडत, हसत हसत गायला लागली. नितीनसाहेबांनी ते पाहिलं. त्यांचे दोन्ही हात आपोआप खाली आले आणि तेही गाऊ लागले. भिकनला आता घसाही आठवेना आणि कलाबाईचे डोळेही. समोरच्या पाठीमागे तो पंजा उघडा होता, तोवर तो सुरतपासून साक्रीपर्यंत गात गेला असता.

आणखी चार वेळा ध्रुपद झालं. पाचव्याला बळीरामची बोटं एक-एक करून मिटली. मूठ झाली.

भिकन 'उजेड रा' वर थांबला. पुढचं 'हू दे'सुद्धा म्हटलं नाही. मूठ म्हणजे मूठ. मंडळ गप्प झालं, सोळा शर्ट गप्प झाले आणि पेटीने एक लांब उसासा टाकला. गणपतने सवयीने बाकावर तीनदा दणका दिला. सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." भिकनने बघितलं, की सगळे काहीतरी म्हणाले, म्हणून तोही म्हणाला. एकटा, सगळ्यांच्या नंतर, आणि भजनाच्या पट्टीत.

"या मुलीला विवाहासाठी कोण देत आहे?" नितीनसाहेबांनी विचारलं.

"मी, तिचा पिता," बळीराम म्हणाला. आवाज अजिबात कापला नाही. त्याने मुलीचा हात प्रवीणच्या हातात दिला आणि मागे येऊन भिकनच्या शेजारी बसला.

जेवणाला भिकन छाती काढून हिंडत होता. नवरदेवाचे मामा दीडशे जोडांत "मारा बूट क्यां छे?" करत अनवाणी फिरत होते, पण त्यांनीही वाटेत थांबून त्याला "बहु सरस!" म्हटलं. पाळकसाहेबांकडून शाबासकी घ्यावी, म्हणून भिकन त्यांच्याकडे वळला, तेवढ्यात बळीरामने त्याला बाजूला ओढलं आणि पाळकांच्या पंज्याचा खरा अर्थ सांगितला.

भिकनच्या हातातला द्रोण तसाच राहिला.

"दोन्ही हातनी?"

"दोन्ही हातनी सांगी राह्यनतात. बंद कर, बंद कर."

"आरे देवा! आनि मी त्यास्ले..." धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. मग एकदम आठवलं. "पन तू तर पंजा दाखाडा ना! तुले तं समजी राह्यनतं!"

बळीरामने भिकनच्या हातातला द्रोण काढून बाजूला ठेवला.

"माले समजी राह्यनतं. पन गानं संपनं की माले उज्ज्वलाना हात सोडाना व्हता. तू गाई राह्यनता, तव्हळ माले वाटनं, सुषमा शे आठेच. मन्हा आवाज भी बाहेर वना मंग. म्हनं, चालू ऱ्हाऊ दे जराखं."

भिकनचे डोळे भरून आले होते आणि घसा तर आधीच बसला होता. त्याने अंगठा तोंडाकडे नेला. दोघांनी मांडवामागे उभं राहून चहा घेतला.

दोन महिन्यांनी प्रवीणच्या बहिणीच्या, मयुरीच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न त्याच चर्चमध्ये. सोबत उपासनेचं पत्रक होतं, मराठी आणि गुजरातीत. कलाबाई ते वाचत असताना तिचा पदर एकदम तोंडाकडे गेला.

"तुम्हनं नाव शे याम्हा."

भिकन ताडकन उठला. छापील अक्षरात त्याचं नाव आजवर शिधापत्रिकेपलीकडे कुठे गेलं नव्हतं. "वाच, वाच! मोठ्यानं वाच!"

कलाबाईने वाचलं: "मंडळीचे गीत. कडवी चार, ध्रुपद शेवटी एकदाच. गीत संपताच पाळकसाहेब मूठ दाखवतील. ही सूचना श्री. भिकन बोरसे यांच्याकरिता."

दुसरा कुणी असता तर वरमला असता. भिकनने ते पत्रक लॅमिनेट करून आणलं आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवतो आणि उज्ज्वलाच्या लग्नाची गोष्ट पहिल्या चहापासून सांगतो. पाहुण्याचा पेला रिकामा होतो, पाहुणा चपलांकडे बघायला लागतो, तरी भिकन अजून दुसऱ्या कडव्यावर असतो. पण त्या पत्रकाचा एक उपयोग कलाबाईला झालाय. तीस वर्षं डोळे वटारून जे साधलं नव्हतं, त्याची कळ तिला सापडली आहे.

खरं म्हणजे यापुढेही बरंच आहे. मयुरीच्या लग्नात काय झालं, ते तर भिकनने अगदी मांडी बदलून सांगायला घेतलं होतं. पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून पिठाने भरलेली एक मूठ बाहेर आली.